विज्ञानाचे पेपर तपासताना या चुका टाळा

विज्ञानाचा पेपर तपासणं भाषेच्या पेपरपेक्षा सोपं, असा एक समज आहे. उत्तर एकतर बरोबर असतं नाहीतर चूक, मग वाद कशाला? हा समज पहिल्या दहा उत्तरपत्रिकांतच मोडतो. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ या साध्या प्रश्नाला एकजण लिहितो ‘पाण्याची वाफ होणे’, दुसरी लिहिते ‘द्रव उकळून वायू होणे’ आणि तिसरा लिहितो ‘पाणी उडून जाणे’. दुसरीचं उत्तर सगळ्यांत शास्त्रीय वाटतं, पण चूक तिथेच आहे, कारण बाष्पीभवन उकळण्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही होतच असतं. तिसऱ्याची भाषा घरगुती आहे, पण त्याने खोटं काही लिहिलेलं नाही. मग कुणाला किती गुण?

१९१३ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी कुणी तिला तिसाच्या आत गुण दिले, तर कुणी नव्वदच्या वर. भूमितीची ही गत, तर सहावी ते आठवीच्या विज्ञानात, जिथे मुलं अर्धं बोलीभाषेत आणि अर्धं पुस्तकी भाषेत लिहितात, तिथे काय होत असेल ते सांगायला नको. माझं मत असं की यातल्या बहुतेक चुका लाल पेन हातात घेण्याआधीच झालेल्या असतात. जे निर्णय आधी घ्यायचे, ते आपण प्रत्येक उत्तरपत्रिकेसमोर नव्याने घेत बसतो आणि दर वेळी थोडे वेगळे घेतो.

नमुना उत्तरालाच गुणदान योजना समजणे

नमुना उत्तर म्हणजे एका हुशार मुलाने लिहिलेलं एक उत्तर. गुण कशाला द्यायचे आणि कशाला नाही, हे त्यातून कळत नाही. ‘थंड पाण्याच्या ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला थेंब का जमतात?’ हा तीन गुणांचा प्रश्न घ्या. तीन वाक्यांचं सुरेख उत्तर लिहून ठेवण्यापेक्षा तीन मुद्दे सुटे करा: हवेत बाष्प असतं, ग्लासाच्या थंड पृष्ठभागाजवळ ते थंड होतं, आणि त्याचं संघनन होऊन पाणी बनतं. एका मुद्द्याला एक गुण. क्रम उलटसुलट झाला तरी चालेल, ‘संघनन’ हा शब्द न वापरता ‘वाफेचं परत पाणी होतं’ लिहिलं तरी चालेल. चालेल की नाही, हेच आधी लिहून ठेवायचं असतं.

प्रत्येक मुद्द्यासमोर तीन रकाने करावेत: काय स्वीकारायचं, काय स्वीकारायचं नाही आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं. तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात, आणि सगळ्यांत जास्त अन्याय तिथेच होतो. वरच्या प्रश्नात कुणी बरोबर कारण देऊन पुढे लिहिलं, ‘उन्हाळ्यात थेंब जास्त दिसतात’, तर ते वाक्य ना गुणाचं ना दंडाचं. मात्र कुणी लिहिलं की ‘ग्लासातलं पाणी काचेतून झिरपतं’, तर ते मुख्य मुद्द्याच्या विरोधात जातं. आधी बरोबर लिहून नंतर विरोधी विधान केलं, तर ज्या मुद्द्याला ते खोडतं त्याचा गुण जातो. बाकीच्यांचा जात नाही.

‘कोणतीही दोन उदाहरणे लिहा’ या प्रकारातही हाच घोळ होतो. मूल चार लिहितं, दोन बरोबर, दोन चूक. काही परीक्षक बरोबर दोन शोधून पूर्ण गुण देतात. याचा परिणाम असा की ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने आठवतील तेवढी नावं ओतावीत. याला दोन प्रामाणिक मार्ग आहेत: फक्त पहिली दोन तपासायची, किंवा प्रत्येक चुकीच्या उदाहरणामागे एक बरोबर उदाहरण रद्द धरायचं. कुठलाही एक निवडा, पण मुलांना परीक्षेआधी सांगा आणि शेवटच्या उत्तरपत्रिकेपर्यंत तोच ठेवा.

शब्दासाठी शिक्षा की संकल्पनेसाठी?

‘साखर पाण्यात वितळली.’ लाल रेघ मारायचा मोह होतो. बोलताना आपणही ‘बर्फ विरघळला’ म्हणतो, आणि मुलं तेच उलट्या बाजूने करतात. इथे एकच कसोटी लावावी: प्रश्न नेमकं काय तपासतोय? ‘वितळणे आणि विरघळणे यांतील फरक लिहा’ असं विचारलं असेल तर चुकलेल्या शब्दाला गुण नाही. पण प्रश्न गाळणीने साखर का वेगळी होत नाही असा असेल, आणि मुलाने साखरेचे कण पाण्यात सगळीकडे पसरून गाळणीतून पार होतात हे सांगितलं असेल, तर ‘वितळली’ या शब्दाखाली रेघ मारा, पण गुण द्या.

वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान, बल आणि ऊर्जा या जोड्यांनाही हेच लागू. ‘पारदर्शक’ आणि ‘रंगहीन’ यांची अदलाबदल मात्र मी सहसा सोडत नाही. मोरचुदाचं द्रावण पारदर्शक असतं आणि निळंही. निरीक्षणाच्या प्रश्नात मुलाने ‘द्रावण पारदर्शक झाले’ लिहिलं तर रंग गेला की गढूळपणा गेला, हे कळतच नाही. ‘प्रमाण’ हा शब्दही असाच निसरडा आहे. ‘दोन्ही भांड्यांत पाण्याचे प्रमाण सारखे ठेवावे’ यात आकारमान म्हणायचंय हे समजतं. पण ‘सर्व गोष्टींचे प्रमाण सारखे’ याला काहीही अर्थ नाही.

शुद्धलेखनाचे गुण विज्ञानात कापू नयेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून हरितलवक बदलत नाही. अपवाद एवढाच, की चुकीच्या लेखनातून दुसरीच संज्ञा तयार होत असेल किंवा दोन संज्ञांपैकी कुठली हे ठरवता येत नसेल. परागणाच्या जागी ‘परागकण’ लिहिलं तर ती वेगळी गोष्ट झाली. आणि ‘प्रावर्तन’ असं काही लिहिलेलं आढळलं, तर ते परावर्तन की अपवर्तन, हा अंदाज आपण मुलाच्या वतीने बांधायचा नाही.

एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापणे

गणिती उदाहरणांत ही चूक सर्रास होते, म्हणून जरा सविस्तर.

समजा, प्रश्न असा आहे: धातूच्या तुकड्याचं वस्तुमान ५४ ग्रॅम. मोजपात्रातलं पाणी ५० मिलिलिटरवरून ७० मिलिलिटरवर गेलं. (अ) तुकड्याचं आकारमान काढा. (आ) घनता काढा. (इ) तुमच्या उत्तरावरून तो पाण्यात तरंगेल की बुडेल ते सांगा. बरोबर उत्तरं अशी: २० घनसेंटिमीटर, २.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, आणि बुडेल.

आता एका मुलीने वजाबाकीऐवजी बेरीज केली. आकारमान १२०. तिथे गुण गेला, योग्यच. पुढे तिने ५४ ला १२० ने भागून ०.४५ काढलं आणि लिहिलं, ‘घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून तरंगेल.’ तिला (आ) आणि (इ) चे पूर्ण गुण मिळायला हवेत. सूत्र बरोबर, भागाकार बरोबर, निष्कर्ष तिच्या आकड्याशी सुसंगत. उलट एखाद्याने ०.४५ काढून लिहिलं, ‘धातू आहे म्हणून बुडेल’, तर वस्तुस्थिती बरोबर असूनही (इ) चा गुण नाही, कारण प्रश्नात ‘तुमच्या उत्तरावरून’ म्हटलंय. हे शब्द प्रश्नात नसतील तर मात्र आपली बाजू लंगडी पडते. म्हणजे दुरुस्ती प्रश्न काढतानाच करायची.

आकडा अशक्य आला तर? धावणाऱ्या मुलाचा वेग ४०० मीटर प्रति सेकंद! आधीची चूक पुढे आली असेल तर या वयात मी त्याचे वेगळे गुण कापणार नाही, पण शेजारी एक प्रश्नचिन्ह जरूर काढीन.

एककाचा गुण वेगळा ठेवा आणि एका प्रश्नात एकदाच कापा. रीत न लिहिता उत्तर बरोबर आलं तर पूर्ण गुण, जोवर प्रश्नात ‘रीत दाखवा’ असं म्हटलेलं नाही. रीत नाही आणि उत्तरही चूक, तर देण्यासारखं काही उरतच नाही. मुलांना रीत लिहायला लावायची असेल तर ही गोष्ट त्यांना उघड सांगणं उपदेशापेक्षा जास्त कामी येतं.

आणि आकडे निवडताना एक सापळा टाळा. ‘४ मीटर अंतर २ सेकंदांत, वेग किती?’ भागाकार केला तरी २, वजाबाकी केली तरी २. असा प्रश्न तपासताना कितीही काळजी घ्या, मुलाला सूत्र कळलं की नाही हे उत्तरावरून कळणारच नाही.

आकृती आणि आलेख

सुबक आकृतीला जास्त आणि वेड्यावाकड्या आकृतीला कमी गुण, ही सवय फार खोलवर गेलेली आहे. छायाप्रकाश केलेली वनस्पतिपेशी बघून आपण खूश होतो आणि पेशीभित्तिकेची रेघ पेशीद्रव्यात जाऊन टेकलीय हे पाहायचंच राहतं. नावाची रेघ त्या भागाला स्पर्श करते की नाही, एवढंच बघा. परिपथाच्या आकृतीत तारेत फट नाही ना, अमीटर एकसर आणि व्होल्टमीटर समांतर आहे ना. किरणाकृतीत बाण आहेत का, आणि आपतन कोन स्तंभिकेपासून (आरशाला काढलेल्या लंब रेषेपासून) मोजलाय की आरशापासून. आरसा आणि किरण यांतला कोन ३५ अंश दिला असेल तर आपतन कोन ५५ अंश. कुणी तो ३५ धरून परावर्तन कोनही ३५ लिहिला, तर पहिला गुण गेला, पण दुसरा द्यायचा. वरच्या घनतेच्या उदाहरणातलाच न्याय.

अन्नसाखळीत बाण ऊर्जेच्या वहनाची दिशा दाखवतो: गवताकडून नाकतोड्याकडे. ‘कोण कुणाला खातं’ असा उलटा बाण काढणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. सजीवांचा क्रम आणि बाणांची दिशा यांचे गुण आधीच वेगळे केले तर वादच उरत नाही.

आलेखाला चार सुटे गुण ठेवा: अक्षांना नाव आणि एकक, समान अंतराचं प्रमाण, बिंदू, आणि रेषा. बिंदूंना अर्ध्या लहान चौकोनाची सूट पुरेशी आहे. फटकून गेलेला एखादा बिंदू सोडून सरळ रेषा काढणाऱ्या मुलाला ‘सगळे बिंदू जोडले नाहीत’ म्हणून गुण कापणारे परीक्षक आहेत. खरं तर त्याने जास्त समजून काम केलेलं असतं.

‘कारण द्या’ला वर्णन, ‘फरक’ला एकच बाजू

‘लोखंड गंजते कारण त्यावर गंज चढतो.’ प्रश्नच उलटा करून लिहिलेल्या उत्तराला अर्ध्या गुणाची दया दाखवू नका. ऑक्सिजन आणि पाणी यांचा उल्लेख हवाच. ‘धमनी व शिरा यांतील फरक’मध्ये ‘धमनीची भित्तिका जाड असते’ एवढ्यावर थांबलेलं उत्तर अपुरं, पण ‘शिरेपेक्षा जाड असते’ हे पूर्ण. प्रयोगाच्या प्रश्नांत ‘काळजीपूर्वक करावे’ला गुण नाही, आणि ‘प्रयोग पुन्हा केल्याने अचूक उत्तर येते’लाही नाही. वजनकाटाच चुकीचा दाखवत असेल तर तो दहादा तेच चुकीचं दाखवेल. पुन्हा केल्याने विसंगत नोंद ओळखता येते आणि सरासरी काढता येते, असं काहीतरी हवं.

तपासणाऱ्याच्या बाजूने होणाऱ्या चुका

एक आख्खी उत्तरपत्रिका, मग दुसरी, असं तपासू नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं करा. गुणदान योजना डोक्यात ताजी राहते, आणि पहिल्या पानावरच्या छान उत्तराची छाप तिसऱ्या पानावर पडत नाही. माणसाच्या एका गुणविशेषावरून त्याचे बाकीचे गुणविशेष ठरवण्याच्या या प्रवृत्तीवर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लिहिलं, ते लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेल्या शेऱ्यांवरून. पण शाळेत ती तितकीच पक्की आहे. शक्य असेल तर नाव झाकून तपासा. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा वरखाली करा, नाहीतर रोज शेवटी येणारी तीच ती मुलं आपल्या थकव्याच्या वाट्याला येतात.

बेरीज दुसऱ्याकडून करून घ्या. मागचं पान आणि पुरवणी उलटून बघा. एवढंच.

तपासल्यावर काही खटकलं तर

एखाद्या प्रश्नात सगळा वर्गच आपटला असेल तर आधी प्रश्न वाचा, मग मुलांना बोल लावा. आणि बाकी पेपरात कच्ची असलेली मुलं ज्यात गुण मिळवतात पण हुशार मुलं चुकतात, असा प्रश्न दिसला तर त्याच्या शब्दरचनेत नक्की काहीतरी गोम आहे. हुशार मूल प्रश्नाचा असा अर्थ लावतं जो आपल्या मनात आलाच नव्हता.

दोन परीक्षकांत सतत एका गुणाचा फरक पडत असेल तर बहुधा एकजण ‘दुर्लक्ष करा’ला ‘स्वीकारू नका’ समजतोय. पाच उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासा, गुण पेन्सिलीने लिहा, आणि जिथे फरक पडला तिथला नेमका शब्द शोधा. बेरजेवर वाद घालून काही हाती लागत नाही. शाळेत नियामक (परीक्षकांची तपासणी पुन्हा पाहणारे) असतील तर त्यांच्यासमोर या पाचच उत्तरपत्रिका ठेवा.

चाळिसाव्या उत्तरपत्रिकेत योजनेत नसलेलं, पण बरोबर उत्तर सापडलं तर ते योजनेत लिहा आणि आधीच्या एकोणचाळीस पुन्हा उघडा. कंटाळा येतो, पण तेवढाच एक प्रश्न बघायचा असतो. गुण वाटल्यावर एखादं मूल तक्रार घेऊन आलं तर त्याची पूर्ण उत्तरपत्रिका पुन्हा चाळण्याची गरज नाही. योजना समोर ठेवून तो उपप्रश्न त्याच्याबरोबर वाचा. गुण वाढवावा लागला तर तशाच प्रकारचं उत्तर लिहून गप्प बसलेल्या बाकीच्या मुलांचेही त्याच दिवशी वाढवा.