शाळेच्या हॉलसाठी लाईट घेताना

पूर्व विदर्भातल्या वडशाच्या झाडीपट्टी नाटकांत मी चार मोसम लाईट सांभाळले, म्हणून गॅदरिंग जवळ आलं की आजूबाजूचे गुरुजी मलाच विचारतात. मी आधी वायरिंग पाहतो. हजार वॅटचे चार हॅलोजन म्हणजे 230 व्होल्टवर 17 अँपिअरच्या वर; 16 अँपिअरच्या प्लगला ते झेपत नाही. एकदा ऐन नाचात फ्यूज उडाला, पोट्टे अंधारातच नाचत राहिले!

म्हणून एलईडी पार, म्हणजे डब्यासारखे स्टेजचे दिवे, घ्या. पण रंगांवर भाळू नका, नुसत्या निळ्यात चेहरा भुतासारखा दिसतो. पैसे आधी समोरच्या वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढऱ्या, दिव्यांवर घाला, 3200 केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचे. दोन्ही बाजूंनी, उंचावरून, साधारण 45 अंशांत मारा. सरळ डोक्यावर टांगले तर डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. रंगीत दोन मागून, पुरे. क्लॅम्प असला तरी प्रत्येक दिव्याला सेफ्टी वायर, निसटला तर धरून ठेवणारी, हवीच, खाली लेकरं असतात.

दुकानात दिवा दहा मिनिटं लावून कान द्या. त्याच्या आतला पंखा घरघरला तर परत ठेवा. मग उजेड मंद करून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहा. पट्टे सरकताना दिसले, तर व्हिडिओतही तेच येतील.