कान तयार करा: हेडफोनमधला बारीक फरक ओळखायची पद्धत

दोन अँप (हेडफोनला जोर पुरवणारे अँप्लिफायर) आलटून-पालटून ऐकले आणि त्यातला एक 'मोकळा' किंवा 'भरदार' वाटला, तर पहिला संशय व्हॉल्यूमवर घ्यावा. अर्धा डेसिबल (डीबी, आवाजाच्या पातळीचं माप) जास्त असलेला आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात पाच मिनिटांत दिलेले निकाल बहुधा इथेच फसतात. म्हणून सुरुवात आपण स्वतः केलेल्या, मोजलेल्या फरकापासून करायची. तो ओळखता येऊ लागला की लहान करत न्यायचा. महागाच्या यंत्रांची पाळी त्यानंतर.

आधी खोली. घोडबंदर रोडलगतच्या इमारतीत हे काम दिवसा होत नाही. ट्रकची घरघर बरीचशी २०० हर्ट्‌झच्या खाली असते, म्हणजे बास तपासायचा तिथेच ती येऊन बसते. रात्री साडेअकरानंतर, खिडक्या लावून, पंखा आणि एसी दोन्ही बंद करून बसा. मे महिन्यात ठाण्यात हे सोसवत नाही हे खरं, पण एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्यापुढे कान दमतो आणि अंदाजपंचे उत्तरं यायला लागतात. नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या आतल्या सेक्टरात राहणाऱ्यांचं थोडं बरं आहे. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत तासभर उभं राहून आलात तर त्या रात्री ऐकायला बसू नका. कान बधिर झालेले असतात आणि आधी वरचे स्वर जातात.

मग हेडफोनची बसण. ४० हर्ट्‌झचा सलग सूर लावा आणि दोन्ही कप हलके दाबा. दाबल्यावर बास वाढला तर फट आहे. चष्म्याची काडी हे नेहमीचं कारण, इयरफोनमध्ये चुकीच्या मापाची रबरी टोपी. कप अर्धा-एक सेंटिमीटर पुढे-मागे सरकला तरी ५ किलोहर्ट्‌झच्या वर काही डीबींचा फरक पडू शकतो. दोन चांगल्या अँपमध्ये एवढा फरक सापडत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत पॅडचं रेक्झिन सोलतं, फोम बसतो आणि ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा) कानाजवळ येतो. त्यामुळे जुन्या पॅडचा हेडफोन नव्याशी ताडून पाहिला तर तुलना पॅडचीच होते.

आता पातळी जुळवणं. इथे आळस केला तर पुढचं सगळं फुकट. एक हेडफोन आणि दोन अँप असतील तर मल्टिमीटर हवा. डीटी-८३०डी जातीचा स्वस्त मीटर चालत नाही, कारण त्याची एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते. एसी मिलिव्होल्ट दाखवणारा घ्या. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये २२० हर्ट्‌झचा साइन (एकाच कंपनाचा शुद्ध) सूर तयार करा (साधे मीटर ४०० हर्ट्‌झच्या पुढे भरवशाचे राहत नाहीत). स्प्लिटर लावून एका तोंडाला हेडफोन जोडलेलाच ठेवा, दुसऱ्या तोंडातून व्होल्टेज मोजा. हेडफोन काढून मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण भार पडल्यावर व्होल्टेज उतरतं. डावा-उजवा दोन्ही तपासा. १ टक्का फरक म्हणजे साधारण ०.०९ डीबी, तेव्हा एकाकडे २०० मिलिव्होल्ट असतील तर दुसरीकडे १९८ ते २०२ मध्ये आणा. फोनच्या व्हॉल्यूमच्या पायऱ्या यासाठी फार मोठ्या पडतात. विंडोजवर इक्वलायझर एपीओ या स्वरांचा तोल बदलणाऱ्या प्रोग्रामच्या प्रीअँपमध्ये (एकूण पातळीच्या कळीत) ०.१ डीबीने सरकता येतं.

दोन वेगळे हेडफोन असतील तर व्होल्टेज जुळवून उपयोग नाही, त्यांची संवेदनशीलताच वेगळी असते. ५०० ते २००० हर्ट्‌झपुरता गाळलेला पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग आवाज) लावून कानानेच जुळवा. थोडी चूक राहणारच. ती धरून फक्त स्वरांच्या तोलाबद्दल मत द्या, 'तपशील जास्त' वगैरे बोलू नका.

आता खरा सराव. इक्वलायझर एपीओवर पीस हा जोड प्रोग्राम बसवा. पिंक नॉइज लावून एकाच ठिकाणी ६ डीबी चढवा, रुंदी म्हणजे क्यू १.४ च्या आसपास. २५० हर्ट्‌झला आवाज बोजड होतो, १ किलोहर्ट्‌झला नाकातला, ३ ला शब्द अंगावर येतात, ७-८ ला 'स' आणि 'श' टोचतात. प्रत्येक जागा डोळे मिटून ओळखता आली की ६ चे ३ करा, मग दीड, मग १. चढवलेलं लवकर कळतं, तितकंच उतरवलेलं उशिरा. हार्मन या ऑडिओ कंपनीचं 'हाऊ टू लिसन' हे सॉफ्टवेअर हाच सराव आपोआप करून घेतं.

त्यानंतर संगीत, पण २० सेकंदांचे तुकडेच. काळी एक पट्टीचा तानपुरा उत्तम: सा १३८.६ हर्ट्‌झला, खर्ज ६९.३ ला, आणि जवारीची (घोडीवर तार घासून उठणारी) झण्ण त्याच्या कितीतरी वर. झण्ण कोरडी पडली तर वरच्या मध्य भागात खड्डा आहे. डग्ग्याची घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) २५० च्या फुगवट्यात लगेच पसरट होते. भजनातले टाळ एमपी३ साठी राखून ठेवा. टाळाच्या ठोक्याआधी हलकी फुसफुस ऐकू आली तर ती कॉम्प्रेशनची खूण.

स्वतःवर विश्वास किती ठेवायचा ते एबीएक्स चाचणीने ठरवा: ए आणि बी ऐकायचे आणि लपवलेला एक्स त्यातला कोणता ते ओळखायचं. फूबार २००० या विंडोजवरच्या प्लेअरसाठी तिचा जोड मोफत मिळतो. एकाच फ्लॅक (काहीही न गाळता साठवलेल्या) फाइलपासून ९६, १२८ आणि १९२ केबीपीएसचे एमपी३ करा आणि ९६ पासून सुरुवात करा. ३ ते ५ सेकंदांचा तुकडा निवडा, कारण आवाजाचा बारकावा त्याहून फार काळ लक्षात राहत नाही. फेऱ्या १६ असं आधीच ठरवा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे. जमतंय असं दिसल्यावर मध्येच थांबणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. ८-९ आले तर आज ऐकू आलं नाही, एवढंच म्हणा.

अँपमधला खरा फरक बहुतेकदा आउटपुट इम्पीडन्समधून, म्हणजे अँपच्या स्वतःच्या अंतर्गत रोधातून येतो. समजा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि १०० हर्ट्‌झजवळ ५०० ओहमपर्यंत चढतो. १२० ओहमच्या आउटपुटवर तिथला बास सुमारे १ डीबी वर येतो, १ ओहमच्या आउटपुटवर जवळपास काहीच होत नाही. सरावात १ डीबी ओळखता येऊ लागला असेल तर हा फुगवटा पकडता येतो. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा हा साधा नियम. अनेक ड्रायव्हरच्या इयरफोनला मात्र ५-१० ओहमही जड जातात. केबल तुटकी नसेल तर तिच्यासाठी रात्र घालवू नका.

ब्लूटूथवर तुलना करायचीच असेल तर एलडॅक या ब्लूटूथ कोडेकचा वेग अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये ९९० केबीपीएसवर पक्का करा. टॉवरमध्ये घरोघरी २.४ गिगाहर्ट्‌झचे राउटर असतात, त्या गर्दीत 'ऑटो'वर ठेवलेला वेग न सांगता ३३० पर्यंत घसरतो. ९९० वर आवाज तुटायला लागला तर सरळ वायर लावा. लॅपटॉपही चाचणीपुरता चार्जरवरून काढा. दोन पिनांच्या चार्जरची गुणगुण संवेदनशील इयरफोनमध्ये ऐकू येते आणि तिचं खापर अँपवर फुटतं.