डीलरकडून सेकंडहँड गाडी घेताना आतला खर्च टोकनच्या आधीच कसा ओळखायचा

"आरसी बघा, टायर बघा, एक चक्कर मारा" एवढ्यावर लोक टोकन देऊन मोकळे होतात आणि मग महिन्याभरात क्लच, एसी, टर्बो असं एकेक काम निघायला लागतं. डीलरचा चेकिंग रिपोर्ट गाडी विकायला केलेला असतो, त्यावर आपला खर्च ठरवू नका.

कागद घरबसल्या होतात. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा आणि लोन चढलेलं आहे का ते बघा, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरून लोनची नोंद काढायचा फॉर्म) आधी, किमतीचं बोलणं नंतर. जुनी इन्शुरन्स पॉलिसी पण मागा. चार-पाच वर्षांची गाडी, मालक तोच, पॉलिसी मधे तुटलेली नाही आणि तरी एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालेला असतो, तो कशाचा ते विचाराच.

टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलाय. स्टेपनी धरून पाचही बघा.

आता खरी अडचणीची गोष्ट, थंड इंजिन आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी, म्हणजे कोड, वाचायचं यंत्र). हे मला नीट समजायला बराच वेळ लागला म्हणून सविस्तर लिहितोय.

फोनवरच सांगून ठेवा की गाडी सकाळी मी आल्यावरच स्टार्ट करायची, आणि गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या, "आत्ताच पार्किंगमधून काढली" वगैरे ऐकून घेऊ नका. गरम इंजिन स्टार्टिंगचा त्रास, चेनचा खडखडाट, निळा धूर सगळं लपवतं. स्टार्ट मारताना सोबतच्या माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळच्या गारठ्यात थोडी पांढरी वाफ येतेच, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्या आणि ती गाडी सोडा, हेड गॅस्केटच्या (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) कामात पडू नका.

मग स्कॅनर. "स्कॅन क्लीन आहे सर" या वाक्याला काही किंमत नाही कारण चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने अर्ध्या मिनिटात घालवता येतो. पण पुसल्याची खूण राहते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा बऱ्याच गाड्यांत दिसतो, आणि दुसरी असते रेडीनेस मॉनिटरची यादी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या ते. कोड पुसले की हे मॉनिटर अपूर्ण दाखवतात आणि गाडी बऱ्यापैकी फिरल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. मावसभावासाठी पुण्यात एक डिझेल बघितली होती, दिवा नाही, एकही कोड नाही, आणि तो आकडा होता 6 किलोमीटर! हायवेला न्यायचा हट्ट धरला, चढाला पिकअप पडला आणि परत येईपर्यंत दिवा पेटला, कोड टर्बोच्या प्रेशरचा. म्हणून मेकॅनिकला नुसते कोड बघू देऊ नका, हे दोन्ही मागून घ्या आणि स्क्रीनचा फोटो काढा.

टेस्ट ड्राइव्हला रेडिओ बंद. चौथ्या गिअरला चढावर रेस द्या, आरपीएम वाढला आणि स्पीड तिथेच राहिला तर क्लच प्लेट गेलीय.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या टोकाला गाळाचा डाग असेल किंवा सीटच्या रेल गंजल्या असतील तर गाडी पाण्यात गेल्याचा संशय घ्या. 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण, किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय, आणि अशी गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते.

यानंतर गाडी आपल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. डीलर नाही म्हणाला तर विषय संपला, गाड्या खूप आहेत. खालून बुश, लोअर आर्म (दोन्ही सस्पेन्शनचे भाग), ऑइलची गळती बघून त्याच्याकडून कामांचा अंदाज कागदावर घ्या आणि तो कागद पुढे ठेवूनच भाव करा. डीलरच्या वॉरंटीत बहुतेक इंजिन-गिअरबॉक्सच असतं, क्लच, सस्पेन्शन, एसी, बॅटरी बाहेर, त्यामुळे "करून देतो ना" हे तोंडी चालणार नाही, जे जे करून देणार ते बिलावर लिहून सही-शिक्का घ्या. टोकन देताना बॅटरीचा सिरीयल नंबर आणि टायरचे आकडे फोटोत घेऊन ठेवा आणि डिलिव्हरीला चावी हातात घ्यायच्या आधी जुळवून बघा.