विंडोज ९८चा जुना पीसी घरच्या नेटवर्कवर कसा आणावा

गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांकडे असे पीसी अजून आहेत: विंडोज ९८, पानं लावायचं पेजमेकर, श्री-लिपी किंवा आयएसएमसारखं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, आणि मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालू देणारी छोटी किल्ली. दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका, सगळं त्यात पडून असतं. ‘हार्ड डिस्क काढा आणि अडॅप्टर लावून नव्या मशीनला जोडा’ हा सल्ला फायली एकदाच उचलायच्या असतील तर ठीक आहे. पण फाइल उघडून दुरुस्त करायची तर डोंगल, फॉन्ट आणि तोच पीसी एकत्र लागतात. पेन ड्राइव्हलाही विंडोज ९८मध्ये वेगळा ड्रायव्हर शोधावा लागतो. तेव्हा पीसी नेटवर्कवर आणणं हाच टिकाऊ मार्ग.

सुरुवात नेटवर्क कार्डापासून. रियलटेक ८१३९ चिपचं पीसीआय कार्ड घ्या. लॅमिंग्टन रोडला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा. याचे विंडोज ९८चे ड्रायव्हर सहज मिळतात. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मळतात, त्या खोडरबराने पुसून मगच स्लॉटमध्ये बसवा. बोर्डावरचा सीआर२०३२ हा घड्याळ आणि सेटिंग जपणारा सेलही त्याच वेळी बदला.

जुनं वायफाय कार्ड मात्र लावू नका. त्यातली बरीचशी वेप या वायफायच्या जुन्या, कमकुवत कुलपाच्या पुढे जात नाहीत, आणि त्यांच्यासाठी राउटरची सुरक्षा वेपवर आणणं म्हणजे सगळ्या घराचं नेटवर्क उघडं टाकणं. केबल टाका. केबल पोचत नसेल तर लॅन पोर्ट असलेला वायफाय एक्स्टेंडर पीसीजवळ ठेवा. वायफायचं कुलूप तो सांभाळेल, पीसीला फक्त केबल दिसेल.

ड्रायव्हरमध्ये वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं म्हणजे फुल, आळीपाळीने म्हणजे हाफ) ‘ऑटो’वरच राहू द्या. फुल डुप्लेक्स सक्तीने लावायचा सल्ला बरेच जण देतात. राउटर ऑटोवर असताना एका बाजूने सक्ती केली की दुसरी बाजू हाफ डुप्लेक्स धरते. मग पिंग (दुसरं मशीन उत्तर देतं का, ते पाहणारा छोटा आदेश) व्यवस्थित जातं आणि मोठी फाइल मात्र गोगलगायीसारखी सरकते. लोक केबल बदलत बसतात.

आता पत्ता. कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्कमध्ये टीसीपी/आयपी (नेटवर्कवर बोलायची पद्धत) अनेकदा दोनदा दिसतं: एक डायल-अप अडॅप्टरचं, एक कार्डाचं. कार्डाचं निवडा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर पीसीला १९२.१६८.१.५० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. हा आकडा राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा आहे ना, ते पाहून घ्या. गेटवेची, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराच्या पत्त्याची, जागा रिकामी ठेवा. गेटवे नसला की पीसी घरातल्या मशीनशी बोलतो आणि इंटरनेटकडे जात नाही, आपल्याला हेच हवं आहे. इतक्या वर्षांत सुरक्षेची दुरुस्ती न मिळालेली प्रणाली इंटरनेटवर नेऊ नये. तशीही आजची बहुतेक संकेतस्थळं जोडणी सांकेतिक करणारं टीएलएस १.२ किंवा त्यापुढचं मागतात, आणि त्या काळच्या ब्राउझरला ते येत नाही.

विंडोजची सीडी मागितली जाईल, जवळ ठेवा. रीस्टार्ट करा आणि नव्या लॅपटॉपला पिंग करून पाहा. दोन्ही मशीन गेस्ट नेटवर्कवर नकोत, तिथे राउटर सहसा त्यांना एकमेकांशी बोलू देत नाही.

खरी अडचण इथून पुढे आहे: फायली पाठवणं. बहुतेक मार्गदर्शनात लिहिलेलं असतं, ‘नव्या विंडोजमध्ये एसएमबी१ (विंडोजची फोल्डर वाटून घेण्याची जुनी पद्धत) चालू करा.’ माझं ठाम मत आहे की करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर एसएमबी१मधल्याच भगदाडातून जगभर पसरलं. विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याचा सर्व्हर भाग आपोआप बसवणं बंद केलं. बरं, ते चालू करूनही काम होत नाही. विंडोज ९८ पासवर्ड जुन्या एलएम पद्धतीने पाठवतं आणि व्हिस्टापासूनची विंडोज मूळ सेटिंगमध्ये ती पद्धत स्वीकारत नाही. मग पुढचा सल्ला येतो: पासवर्डची पातळी खाली आणा. त्यानंतरचा: पासवर्डच काढून टाका. ज्या लॅपटॉपवर तुमची बँक आणि घरच्यांचे फोटो आहेत, त्याची एकेक कडी जुन्या पीसीसाठी काढत जायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

त्याऐवजी एफटीपी वापरा, म्हणजे आदेश टाइप करून फायली पाठवायची जुनी पद्धत. विंडोज ९८मध्ये ते आधीपासून आहे. नव्या लॅपटॉपवर फाइलझिला सर्व्हर टाका, किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर त्यावर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून खातं वेगळं, पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला, आणि त्या खात्याला एकच फोल्डर. सर्व्हर टीएलएसची सक्ती करत असेल तर साध्या एफटीपीला परवानगी द्या. व्हीएसएफटीपीडीमध्ये लिहिण्याची परवानगी मुळात बंद असते, तीही द्यावी लागते. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, करायचं नाही. हा सर्व्हर घराबाहेरून दिसता कामा नये.

लॉगिन होतं आणि फायलींची यादी मागणारा ‘डीआयआर’ (dir) आदेश दिला की सगळं थबकतं, ही नेहमीची तक्रार. कारण समजून घ्या. आदेश २१ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात, पण यादी किंवा फाइल पाठवायला सर्व्हर पीसीकडे उलटी जोडणी उघडतो. लॅपटॉपवरच्या अँटिव्हायरसची फायरवॉल बहुधा ती अडवत असते. तिथे सर्व्हरला मुभा द्या आणि घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवा. ‘कोट पासव्ह (quote pasv) टाइप करा’ या सल्ल्यात वेळ घालवू नका. त्याने सर्व्हर पॅसिव्ह होतो, म्हणजे उलटी जोडणी न उघडता पीसीच्या जोडणीची वाट पाहतो, पण विंडोज ९८चा एफटीपी प्रोग्राम पॅसिव्ह जोडणी करूच शकत नाही.

लॉगिन झाल्यावर पहिला आदेश ‘बिन’ (bin), म्हणजे फाइल जशीच्या तशी पाठव. हा प्रोग्राम अॅस्की, म्हणजे साध्या मजकुराच्या, पद्धतीने सुरू होतो आणि त्यात मजकुराच्या ओळी बदलण्याच्या नादात फाइलमधले बाइट बदलले जाऊ शकतात. पेजमेकरची फाइल मग उघडत नाही, आणि दोष जुन्या हार्ड डिस्कला दिला जातो. दुसरा आदेश ‘प्रॉम्प्ट’ (prompt), म्हणजे अनेक फायली एकदम पाठवणारा ‘एमपुट’ (mput) प्रत्येक फाइलला परवानगी विचारणार नाही. ‘एमपुट’ फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये शिरत नाही, म्हणून आधी पूर्ण फोल्डर झिप करा. झिपचा मोठा फायदा पुढे आहे: प्रत्येक फाइलची सीआरसी-३२ ही पडताळणीची बेरीज त्यात साठवलेली असते. नव्या मशीनवर झिपची ‘टेस्ट’ चालवली की फाइल वाटेत बिघडली का, ते कळतं. ही टेस्ट झाल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.

फायलींची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा. लॅपटॉपवरून देवनागरी नावाची फाइल पाठवलीत तर विंडोज ९८मध्ये ते नाव वाचता येणार नाही.

छापायचं काम असेल तर पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटर निवडून, फॉन्ट सोबत घेऊन, फाइलमध्ये प्रिंट काढा. ती एफटीपीने लॅपटॉपवर आणून घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करा. पान जसंच्या तसं मिळतं. मात्र त्यातला मराठी मजकूर युनिकोड नसतो, शोधायला गेलात तर सापडणार नाही. मजकूरच हवा असेल तर तो वेगळा काढून त्या फॉन्टच्या परिवर्तकातून न्यावा लागेल, आणि नंतर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासावे लागतील. काम संपलं की लॅपटॉपवरचा सर्व्हर बंद करा. विंडोजसोबत तो आपोआप सुरू होत असेल तर तेही बंद करा.