कूलंट बदलताना आधी मोजा: किती निघालं, किती भरायचं

रेडिएटरमध्ये साधं पाणी घालूनही गाडी चालते, म्हणून "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असं सर्रास म्हटलं जातं. पण बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही चढतो. शिवाय ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळतं, झाकणाच्या ०.९ किंवा १.१ बार दाबाखाली तर सव्वाशेच्या आसपास. खंबाटकी किंवा कसारा चढताना हाच फरक कामाला येतो. कूलंटमधली गंजरोधक रसायनं मात्र हळूहळू संपतात, आणि ती संपली तरी रंग तसाच हिरवागार राहतो. त्यामुळे रंग न बघता मॅन्युअलमधली मुदत पाळा.

इथे छोटी पेट्रोल हॅचबॅक धरली आहे. अशा गाडीत साधारण ४ ते ५ लिटर कूलंट मावतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघून कागदावर लिहून घ्या, तो पुढे लागणार आहे. कूलंटचा प्रकारही तिथूनच घ्या. हिरवा, लाल, निळा हे फक्त रंग आहेत, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. दोन न जुळणारे प्रकार एकत्र आले तर आत जेलीसारखा गाळ होऊ शकतो. पाणी डिस्टिल्डच हवं, बॅटरीत घालतात ते. आरओच्या पाण्यात क्षार उरतात, ते नको.

जुनं काढणं

इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी काम केलेलं उत्तम. गरम असताना झाकण उघडलं की उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, हीटरची कळ पूर्ण गरमकडे फिरवा. खाली शिरायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका, जॅक स्टँड लावा.

झाकण काढा, खाली पसरट टब ठेवा आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग सोडा. हा प्लग बहुतेक प्लास्टिकचा असतो. परत बसवताना त्याचा ओ-रिंग बघा आणि हातानेच आवळा. पान्याने जोर लावला तर तुटतो. काही गाड्यांत प्लग नसतोच, तिथे खालचा होज काढावा लागतो. पकडीने क्लॅम्प दाबून मागे सरकवा, मग होज जागच्या जागी पिळून सुटा करा. वर्षानुवर्षं बसलेला रबर चिकटलेला असतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला तर रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड तडकतं, आणि दोन तासांच्या कामाचं नव्या रेडिएटरचं काम होतं. रिझर्व्ह टाकीही रिकामी करून धुवा.

निघालेलं कूलंट जुन्या कॅनमध्ये भरून मोजा. हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

हिशेब

समजा गाडीत ५ लिटर मावतं आणि ३ लिटर निघालं. उरलेलं २ लिटर इंजिन ब्लॉक आणि हीटरमध्ये आहे. जुनं कूलंट त्याच प्रकारचं आणि स्वच्छ असेल, तर ३ लिटर रेडीमिक्स, म्हणजे आधीच निम्मं पाणी मिसळलेलं कूलंट, भरून काम भागतं. ४० टक्के जुनं उरतं. काही दिवसांनी पुन्हा केलंत तर १६ टक्के.

पण निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं असेल, तर फ्लश करावाच लागतो. डिस्टिल्ड पाणी भरा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, काढा. पाणी नितळ येईपर्यंत परत करा. यात अख्खा दिवस जातो. आता आत अडकलेलं २ लिटर म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी आहे. त्यावर ३ लिटर रेडीमिक्स ओतलं तर ५ लिटरमध्ये कूलंट जेमतेम दीड लिटर, म्हणजे ३० टक्केच. फ्लश केल्यावर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या: आधी अडीच लिटर ते, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी.

भरणं आणि हवा काढणं

नरसाळ्याने सावकाश ओता आणि वरचा होज मुठीत दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल. हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत उघडा ठेवा. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा. एसी बंद ठेवा, नाहीतर पंखा एसीमुळे फिरतोय की तापमानामुळे, हे कळत नाही. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढं भरून लगेच झाकण लावा आणि पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या. टाकी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये भरा. दुसऱ्या दिवशी, इंजिन गार असताना, पातळी पुन्हा बघा. थोडी उतरलेली असणं साहजिक आहे.

काही बिघडलं तर

काटा चढतोय, पण हीटर गार हवा देतोय आणि डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते: आत हवा अडकली आहे. गार झाल्यावर पुन्हा ब्लीड करा. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गार: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असण्याची शक्यता जास्त. हायवेवर ठीक पण सिग्नलला तापते: पंख्याचा फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमाने बघा. गार झाल्यावर होज चपटा झाला असेल तर झाकणाची व्हॅक्यूम झडप चिकटली आहे. झाकण बदला, पण त्याच दाबाचं घ्या. समोरच्या सीटच्या पायाशी मॅट ओलं आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं: हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

वॉटर पंपाखाली सुकलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. गळती थांबवायला हळद टाकण्याची जुनी युक्ती करू नका. ती भोकाबरोबर रेडिएटर आणि हीटरच्या नळ्याही बुजवते. डिपस्टिकवर दुधाळ तेल, टाकीत सतत बुडबुडे किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर दिसला, तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेल्याचा संशय घ्या आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.

जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते विषारी आहे आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने लगेच धुवा, आणि कॅन बूच लावून, वर नाव लिहून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये ते घेतात का विचारून तिथे द्या.