दारातला उचलता पूल

माझा मॉडेल रेल्वेचा एचओ लेआउट, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), डोंबिवलीच्या घरातल्या मधल्या खोलीत भिंतींच्या कडेने फिरतो. गॅलरीत जायची वाट त्याच खोलीतून. आईचे गुडघे दुखतात, कपडे वाळत घालायला तिने टेबलाखालून वाकून जायचं हे मला चालणार नव्हतं. म्हणून दारापुढचा ३२ इंचांचा तुकडा उचलता केला.

१२ मिमीचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या, खाली दोन्ही कडांना रिपा मारा. टोकं किंचित तिरकी कापा, वरची लांबी खालच्यापेक्षा ३ मिमी जास्त, म्हणजे पूल सरळ वर निघतो. कापलेल्या कडांनाही वॉर्निशचे दोन हात द्या. माझ्या कडा कोऱ्या राहिल्या होत्या. जुलैत पूल असा फुगून बसला की हलेना.

पूल जागेवर धरायला दोन्ही टोकांना दोन-दोन पितळी सरकत्या कड्या (दाराला असतात तशा) लावा, पुलावर वीजही त्यांतूनच जाणार आहे. ॲल्युमिनियमच्या नकोत, वायर जोडायला त्यांना साधं सोल्डर धरत नाही. कड्या घट्ट बसल्यावरच रूळ टाका, तेही सांध्यावरून अखंड. तिथे वळण किंवा सांधाबदल (एका रुळावरून दुसऱ्यावर जायची जागा) नको.

आता नाजूक काम. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन स्लीपर काढा आणि प्रत्येक रुळाखाली पितळी स्क्रू पिळा. डोकं कानशीने घासून चकचकीत करा, मग पाव-पाव फेरा फिरवत रुळाच्या तळाला जेमतेम टेकवा. जास्त फिरलं तर रूळ उचलला जातो. नखाने चाचपलं की कळतं. रूळ स्क्रूला झटकन सोल्डर करा, नाहीतर शेजारचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. चारही टोकं पक्की झाल्यावरच पातळ करवतीने रूळ कापा आणि आतल्या कडेवरून कानस फिरवा.

वायरिंग टाळू नका. साध्या डीसीवर (रुळांतून थेट दिलेल्या एकदिश विजेवर) पुलाच्या अलीकडे-पलीकडे ४५ सेंमीवर एक रूळ तोडून वेगळा करा. डावीकडच्या एका कडीतून फीड (वीजपुरवठा) पुलावर घ्या, दुसरीतून डाव्या तुकड्याला परत द्या. उजवीकडची एक कडी उजव्या तुकड्याला, दुसरी पुलाच्या दुसऱ्या रुळाला. कड्या मागे सरकवल्या की दोन्ही तुकड्यांची वीज गेली, गाडी आधीच थांबते. पहिल्या पुलाला ही सोय नव्हती. माझं डिझेल इंजिन ४५ इंचांवरून फरशीवर पडलं, पुढची बोगी (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) निखळली.

शेवटी एक डबा बोटाने ढकलत सांध्यावरून न्या. चाक अडलं तर कापलेलं टोक पुन्हा घासा, स्क्रूला हात लावू नका.