सुरक्षा सेटिंग बदलत नाही? आधी खातं बघा

आपल्याकडे यवतमाळ-गडचिरोलीच्या खेड्यांत सेवा केंद्राचा संगणक चार जण वापरतात. विंडोज सिक्युरिटी (विंडोजमधलं संरक्षणाच्या सेटिंगचं अ‍ॅप) यातलं बटण फिकट दिसलं की अँटिव्हायरस बिघडला समजून लोक सीपीयू तालुक्याला नेतात. एवढा हेलपाटा नको. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', मग 'युवर इन्फो' उघडा. नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नसेल, तर तुमचं खातं स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं आहे आणि बटण त्यामुळेच बंद असू शकतं. संरक्षण चालू असतं, क्विक स्कॅनही तुम्ही करू शकता.

खरी अडचण येते ती पीकविम्याची पावती 'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्ह होत नाही तेव्हा. कोपऱ्यात 'अनऑथराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड' असा निरोप आला असेल, तर 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'ने (अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणाऱ्या सोयीने) पावती सेव्ह करणारा प्रोग्राम अडवलाय. तातडीचं काम असेल तर पावती डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग संगणक बसवून देणाऱ्या दादांना बोलवा. त्यांनी 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधल्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये जाऊन फक्त तेवढ्या प्रोग्रामला परवानगी द्यावी. पासवर्डची चौकट आली की तो त्यांनीच टाकायचा, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवायचा नाही.

"तुमचं खातंच अ‍ॅडमिन करून देतो" असं कुणी म्हटलं तर ठाम नकार द्या. त्या संगणकावर गावभराचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

दुसरा अँटिव्हायरस टाकला असेल, तर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, आपोआप बाजूला होतो. तेव्हा सेटिंग त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधा.